आज खिशात कुठला?

दादा,

तुझ्या तिरडीची सुतळी शेवटी किल्लीने तोडली. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगते. मुलुंडच्या स्मशानात तुला खाली ठेवलं, गुरुजी म्हणाले आता दोऱ्या सोडा, आणि गाठी काही सुटेनात. बांधणाऱ्यांनी त्या अशा आवळल्या होत्या, जसा काही तू वाटेतच उठून पळणार होतास. मग गुरुजींनी विचारलं, "चाकू आहे का कुणाकडे?"

पंचवीस-तीस माणसं होती तिथे. सगळ्यांनी खिसे चाचपले. मोबाइल निघाले, किल्ल्या निघाल्या, एकाच्या खिशातून कंगवा निघाला. आणि मी, तुझी सख्खी बहीण, मान वळवून गर्दीत तुला शोधायला लागले. "दादा, दे रे," हे शब्द ओठांपर्यंत आले होते. मग लक्षात आलं की ज्याच्याकडे मागायचं तोच बांधलेला आहे.

तुमच्या तळमजल्यावरच्या सावंतांनी स्कूटरची किल्ली घासूनघासून ती सुतळी तोडली. चांगली पाच मिनिटं लागली. तंतू-तंतू निघत होता आणि सगळे मान खाली घालून उभे होते. तुला ते बघवलं नसतं. "व्हा बाजूला," म्हणून तू सावंतांना हटवलं असतंस, एका झटक्यात काम संपवलं असतंस आणि पातं रुमालाला पुसून खिशात टाकलं असतंस. मला त्या क्षणी हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. वहिनीने माझा हात धरला. तिला वाटलं मी तुझ्यासाठी रडते आहे. तशी रडतच होते, पण मला तुझा रागही आला होता. ऐन वेळी चाकू नाही म्हणजे काय?

"चाकू आहे का कुणाकडे?" या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षं तूच होतास. कुणाच्या औषधाच्या बाटलीचं बूच निघत नसे, मांडवाची दोरी गुंतलेली असे, कुणी पार्सलची चिकटपट्टी नखाने खरवडत बसलेलं असे. तू लांबून बघायचास. लगेच पुढे जायचा नाहीस, आधी त्या माणसाला थोडं झगडू द्यायचास. कुणी दाताने पुडी फोडायला लागलं की मात्र तुला राहवायचं नाही. दात घास चावायला दिलेत, प्लास्टिक फाडायला नाही, हे तुझं प्रवचन तुमच्या सोसायटीत लहानथोरांना पाठ होतं. गरज सरो वैद्य मरो, तसे काम झाल्यावर तेच लोक तुला हसायचे. मुलं तुला चाकूवाले काका म्हणायची. मीही हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

तुझी ती रोजची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. चहा झाला की तू कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायचास, मांडीवर टॉवेल पसरायचास आणि मोठ्याने विचारायचास, "आज खिशात कुठला?" स्वयंपाकघरातून वहिनी म्हणायची, मला विचारून कधी नेता का? तरी तू विचारायचास. कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं तुझं, पण निवृत्तीनंतरसुद्धा तो डबा उघडताना तुझा चेहरा कामावर निघालेल्या माणसासारखा असायचा.

आज कुठे जायचं त्यावर चाकू ठरायचा. बाजारात जायचं तर शिसवी मुठीचा. ती मूठ तू स्वतः घासूनघासून केली होतीस, घामाचा हात असला तरी निसटत नाही म्हणायचास. बँकेत किंवा दवाखान्यात जायचं असलं की दोन पात्यांचा तो चिमुकला पेन्सिलचाकू, कारण तिथे माणसं मोठं पातं बघून बिचकतात. बाबांचा शिंगाच्या मुठीचा चाकू फक्त गावाला जाताना. बाबा गिरणीत असतानाही सुट्टीत गावी गेले की त्यानेच ओले काजू सोलायचे. त्याला इथे मुंबईत काम नाही, तो इथे उदास होतो, असं तू एकदा म्हणाला होतास आणि मी आठवडाभर तुला चिडवत होते. खटक्याचा तो लांब पात्याचा चाकू तर कधीच डब्याबाहेर पडला नाही. भंगारात मिळाला म्हणून आणलास, साफ केलास आणि ठेवून दिलास. हा फळ कापायला केलेलाच नाही, माणसाला घाबरवायला केलाय, म्हणून हा घरी, असं तू म्हणायचास.

एका दिवसाला एकच, हाही तुझा नियम. मी म्हणायचे, एवढं आहे तर दोन ने. तुझं म्हणणं, दोन नेले की माणूस विचार करायचं सोडतो. सकाळी विचार करायचा, आज काय काय होऊ शकतं, आणि मग एक उचलायचा. चुकलं तर चुकलं.

यावरून आपलं भांडण किती वर्षं चाललं ते आता मोजता येणार नाही. शहरात राहणाऱ्या माणसाला खिशात चाकू लागतोच कशाला, हा माझा मुद्दा. घरोघरी कात्री आहे, दुकानदाराकडे ब्लेड आहे आणि पोलिसाने धरलं तर कोण सोडवणार? तुझं उत्तर ठरलेलं होतं. म्हणूनच तर लहान नेतो, म्हणूनच तर दररोज विचार करून नेतो. एकदा तू मला कोपऱ्यात पकडलंस आणि विचारलंस, समज या पाचांतला एकच ठेवायचा झाला, रोजसाठी, तर कुठला ठेवशील? मी म्हटलं, एकही नाही. तू म्हणालास, हे उत्तर नाही, ही पळवाट आहे. ते भांडण तिथेच राहिलं.

वर चार मोजले आणि खाली पाच म्हटले, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पाचव्याचं नाव घ्यायला मला वेळ लागतोय.

माझ्या लग्नानंतरचा पहिला दिवाळसण होता. सुहासला घेऊन मी मुलुंडला आले होते. भाऊबिजेला पाटाभोवती रांगोळी काढली, तुला ओवाळलं आणि तू तबकात लाल कागदाची एक पुडी टाकलीस. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींचे भाऊ साड्या द्यायचे. पुडी लहान होती म्हणून मला वाटलं, कानातलं असेल. उघडली तर आत पितळेचा मासा. बोटाएवढा, अंगावर खवल्यांच्या रेघा, शेपटीला कडी. मी पोटाकडून नख घातलं तर त्यातून पातं निघालं.

आई तर जागीच ओरडली. "मेल्या, भयणीक सुरी कोन दिता रे? वाटे पडतले दोघांचे." आपल्या घरी धारेची वस्तू कुणाच्या हातातसुद्धा द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची, म्हणजे भांडण लागत नाही. त्या घरातल्या मुलाने बहिणीला ओवाळणीतच चाकू घातला. आणि सुहास हसला. चांगलाच हसला, म्हणाला, सांभाळून राहिलं पाहिजे बुवा आता. तो थट्टाच करत होता. पण नवऱ्यासमोर, नव्या नवऱ्यासमोर, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तो मासा परत तबकात टाकला आणि म्हटलं, "मला नको. तुझं खूळ तुझ्याजवळच ठेव."

 मासा उचललास, खिशात टाकलास आणि आईने पुढे केलेली करंजी खाल्लीस. दुसऱ्या दिवशी मला साडी आणून दिलीस, आंब्याच्या रंगाची. ती मी पुष्कळ वर्षं नेसले. ती साडी मी नावाजली की तू हसायचास. त्या हसण्याकडे मी कधी नीट बघितलं नाही.

आता दुसरी गोष्ट. ही तुला माहीत आहे की नाही, हेच मला माहीत नाही.

माझ्या मुग्धाच्या लग्नाची बैठक होती, अंधेरीला, मुलाकडे. घाटकोपरहून आमच्याकडून निघायचं होतं. रिक्षात तिघांचीच जागा, म्हणून सुहास, मुग्धा आणि माझे मोठे दीर मिठाईचे खोके घेऊन पुढे गेले. तू आणि मी मेट्रोने जायचं ठरलं. तू इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होतास, मुलीचा मामा म्हणून. जिना चढताना मी तुला बजावून विचारलं, आज चाकू नाही ना? मेट्रोत चालत नाही, माहितीये ना? तू म्हणालास, आज खिसा रिकामा.

बायकांच्या रांगेतून मी पुढे गेले. पर्स मशिनमधून बाहेर यायची वाट बघत होते. पलीकडे पुरुषांच्या बाजूला मशिन वाजलं. तू किल्ल्या काढून ठेवल्यास, तरी वाजलं. सिक्युरिटीवाल्याने तुझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशातून काहीतरी काढलं. पिवळं काहीतरी चमकलं, एवढंच मला दिसलं. रांग थांबली, लोक माना उंचावून बघायला लागले. मी पैठणी नेसले होते, दागिने घातले होते. वीस मिनिटांत मला मुलीच्या सासरच्या लोकांसमोर बसायचं होतं. आणि तू मला खोटं सांगितलं होतंस.

सिक्युरिटीवाल्याने माझ्याकडे बोट केलं. आपण जिन्यावर बरोबर होतो, त्याने पाहिलं असेल. तो मला म्हणाला, "मॅडम, ये आपके साथ हैं?"

मी म्हटलं, "नहीं."

पर्स उचलली आणि वर फलाटावर गेले.

तू ऐकलंस का? तू माझ्याकडे बघत नव्हतास. सदऱ्याचं बटण लावत होतास, मान खाली घालून, हे मला दिसलं. आणि तू त्या माणसाला म्हणालास, काय बात नही भाई, अपुन बस से जाता है. हे मला जिन्यापर्यंत ऐकू आलं. म्हणजे मला तुझं ऐकू येत होतं, तर तुलाही माझं ऐकू गेलं असणार. हा हिशेब मी गेली चार वर्षं करते आहे आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणते, गर्दी होती, नसेल ऐकलं.

तू सव्वा तासाने पोहोचलास. तोवर देण्याघेण्याचं, हॉलचं, सगळं बोलून झालं होतं. मुलाच्या वडिलांनी दोनदा विचारलं होतं, मुलीचे मामा नाही आले? मी म्हटलं, येतील, काम निघालं असेल. तू दारात आलास, चपला काढल्यास, सगळ्यांना हात जोडलेस आणि म्हणालास, "बस लेट झाली." तेवढंच. नंतर तू त्यांच्या आजोबांशी गावाकडच्या गप्पा मारल्यास, चहा दोनदा घेतलास आणि ते घर आपलंसं करून टाकलंस. येताना आपण सगळे टॅक्सीने आलो. तू पुढे बसला होतास आणि मी मागे, तुझ्या मानेकडे बघत.

त्या दिवसाबद्दल तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. लग्नात मुग्धाला हात धरून मांडवात तूच आणलंस. त्यानंतर चार भाऊबिजा झाल्या. दर वेळी मी ठरवायचे, आज सांगून टाकायचं, दादा, त्या दिवशी माझं चुकलं. ओवाळायला तबक हातात घ्यायचे, तोंड उघडायचे आणि म्हणायचे, लाडू घे की अजून एक. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आपल्या आईचा तो पीळ, तुझ्यात नावाला नाही, माझ्यात सगळा.

तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन केला होतास, आठवतं? माझी विळी बोथट झाली होती, टोमॅटो कापायचे तर पिचायचे. तू म्हणालास, उद्या दुपारी येतो धारेचा दगड घेऊन. मी म्हटलं, कशाला येतोस एवढ्यासाठी उन्हातान्हाचा, मी मॉलमधून नवीन सुरी आणते. तू म्हणालास, आणशील गं, पण ती आठ दिवसांत बोथट होईल आणि मग परत मला फोन करशील. मी चिडून फोन ठेवला. तो आपला शेवटचा शब्द, सुरीवरून. आईला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, मी तेव्हाच सांगितलं होतं. विळी अजून तशीच आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने मला मुलुंडला बोलावलं. दिवसभर तुझे कपडे काढले, कागद लावले. चारच्या सुमाराला तिने चहा केला आणि तो डबा आणला. तुझाच टॉवेल पसरला आणि एकेक चाकू मांडला. बाबांचा, शिसवीचा, पेन्सिलचाकू, खटक्याचा. मूठ माझ्याकडे आणि पातं स्वतःकडे, अगदी तू मांडायचास तसं.

ती म्हणाली, "शुभा, यातला एक तू घ्यायचास. पण रोज बरोबर ठेवशील असा घे. कपाटात ठेवणार असशील तर नको, त्यापेक्षा मी सावंतांना देते."

वहिनी कशी आहे तुला माहीत आहे, बोलते कमी, पण बोलली की सुटका नाही. मी एकेक उचलून बघितला. शिसवीची मूठ तुझ्या अंगठ्याच्या जागी खोलगट झाली आहे, माझा अंगठा तिथे बसतच नाही. पेन्सिलचाकू हलका आहे, पर्समध्ये कळणारही नाही, तोच घ्यावा असं म्हणत होते. मग मी विचारलं, पाच होते ना गं? मासा कुठाय?

वहिनीने पदराच्या टोकाला बांधलेली गाठ सोडली आणि मासा टॉवेलवर ठेवला, बाकीच्यांपासून लांब. म्हणाली, "हा निवडण्यात नाही. हा तुझाच आहे."

मग तिने जे सांगितलं ते तू मला कधी सांगितलं नसतंस. लहानपणी गावच्या जत्रेत मी अशाच एका पितळी माशासाठी भोकाड पसरलं होतं आणि बाबा म्हणाले होते, पोरीक सुरी कित्याक होयी? मला हे आठवतसुद्धा नव्हतं. तुला आठवत होतं. मुलुंडच्या एका भंगारवाल्याकडे तुला तसाच मासा दिसला, काळा पडलेला, पातं गंजून अर्धं तुटलेलं. तू टूलरूममध्ये शिफ्ट संपल्यावर थांबून हॅक्सॉ करवतीचं जुनं पातं घासून त्याला बसवलंस. दोन महिने लागले म्हणे. आईच्या भीतीने घरी काही बोलला नाहीस. ओवाळणीत घातलास तो हा मासा, आणि मी तो परत तबकात टाकला.

"तुझ्याकडे यायचं असलं," वहिनी म्हणाली, "की मासा आधी काढायचे, आणि मग दुसरा कुठला तो ठरायचा. मी म्हणायचे, एका दिवसाला एकच ना? तर म्हणायचे, हा माझा नाही, मोजायचा नाही. तिने मागितला तर जवळ असावा."

मी म्हटलं, "मी कधी मागितला नाही, वहिनी."

"हो. तेही म्हणायचे."

मग मी न राहवून विचारलं, मुग्धाच्या बैठकीच्या दिवशी कुठला नेला होता? वहिनीला आठवायला वेळ लागला नाही. त्या दिवशी तू सगळे चाकू डब्यात ठेवलेस, मेट्रोत चालत नाही म्हणालास. तिने सांगितलं, मग मासाही ठेवा. आणि तू म्हणालास, अगं, शुभाकडेच चाललोय ना.

म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास, दादा. खिसा रिकामाच होता तुझ्या हिशेबाने. त्यात होता तो माझा चाकू. माझ्या चाकूसाठी तुला तिथे अडवलं आणि मी म्हटलं, हा माणूस माझ्याबरोबर नाही.

त्या सकाळी, म्हणजे तुझ्या शेवटच्या सकाळी, डबा उघडाच होता असं वहिनी म्हणाली. टॉवेल मांडीवर होता. मासा बाजूला काढून ठेवलेला होता, कारण दुपारी विळीला धार लावायला तू माझ्याकडे येणार होतास. तू हाक मारलीस, "आज खिशात कुठला?" तिने नेहमीसारखं उत्तर दिलं आणि तुझं त्यावरचं हसू आलं नाही म्हणून ती बाहेर आली. मासा तिने तेव्हाच पदरात बांधला. स्मशानातही तो तिच्या पदरातच होता. गुरुजींनी विचारलं तेव्हा तिला आठवण होती, पण तिने तो काढला नाही. मला म्हणाली, तुझ्या वस्तूने त्यांच्या दोऱ्या कापणं मला बरं वाटलं नाही. सावंतांची पाच मिनिटं त्यापायी गेली, तर दादा, तू काही मनाला लावून घेऊ नकोस.

मी वहिनीला मेट्रोचं काही सांगितलं नाही. हे पहिल्यांदा तुलाच सांगते आहे.

मासा उचलला आणि पर्समध्ये ठेवला. तेव्हापासून तो रोज बरोबर असतो. तुझ्यासारखी सकाळी निवड करायला माझ्याकडे काही दुसरा नाही, तरी पर्स उचलताना मी मनात विचारते, आज काय काय होऊ शकतं? आणि दादा, फार होतं रे. शेजारच्या जोशीकाकूंच्या इन्सुलिनच्या खोक्याची चिकटपट्टी. भाजीवाल्याच्या मेथीच्या जुडीचा सुंभ. बसस्टॉपवर एका बाईच्या ओढणीचा धागा बाकाच्या खिळ्यात अडकला होता, तो. लोक आधी दचकतात, मग मासा बघून हसतात. रात्री पातं पुसून, खोबरेलाचा थेंब लावून ठेवते. तुझं अर्धं भांडण तू जिंकलास. अर्धंच, कारण बाबांचा चाकू मुंबईत उदास होतो हे मी अजूनही मानत नाही.

परवा मुग्धाकडे जायला निघाले. ती आता अंधेरीलाच आहे. सवयीने पाय मेट्रोच्या जिन्याकडे वळले. मुद्दाम गेले असं म्हणणार नाही, पण पर्समध्ये काय आहे ते विसरले होते असंही म्हणणार नाही. पर्स मशिनमध्ये गेली, बेल्ट थांबला आणि तिथल्या बाईने मला बाजूला बोलावलं. पोरगेली होती, आवाज मऊ होता. तिने मासा तळहातावर घेतला, उघडला, परत मिटला.

"किसका है ये, आंटी?"

"मेरे भाई ने दिया है," मी म्हटलं.

ती म्हणाली, अंदर नहीं जाएगा. मग मला अडचण होऊ नये म्हणून तिनेच वाट सुचवली. भाईला द्या, तो बाहेर थांबेल. तिने विचारलं, "भाई साथ में हैं क्या?"

मागे रांग थांबली होती. लोक माना उंचावून बघत होते.

मी म्हटलं, "हाँ. साथ में है."

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.  मासा टेबलावर ठेवला, शेपटीची कडी माझ्याकडे करून. मी उचलला आणि जिना उतरले.

बस मिळाली, पण साकीनाक्याला ती जी उभी राहिली ती हलेचना. डोक्यावरच्या पुलावरून मेट्रो जात होत्या, मी तीन मोजल्या आणि मग मोजणं सोडलं. खिडकीची जागा होती. त्या दिवशी तुला खिडकी मिळाली होती का? पांढऱ्या सदऱ्यात, मुलीचा मामा म्हणून निघालेला, तू इथेच असा बसला असशील आणि वर बघितलं असशील. त्यातल्याच एका मेट्रोत मी होते. सव्वा तास, दादा. तेवढ्यात माणूस केवढा रागावू शकतो, आणि तू उतरलास तो हसत.

मुग्धाने दार उघडलं. पेरू चिरायला घेतले होते तिने, सुरीने पिचत होते. किती वेळ लावलास आई, म्हणाली, मेट्रोने वीस मिनिटं लागतात. मी चपला काढल्या. पर्समधून मासा काढला, ओट्यावर तिच्यासमोर ठेवला, कडी तिच्याकडे करून.

"बस लेट झाली," मी म्हटलं.